निळ्या पिंपातले झिंगे

ही गोष्ट सांगायची मी आजवर टाळत आलो. प्रयोगशाळेतल्या माझ्या निरोपाच्या कार्यक्रमात प्रत्येक वक्त्याने डुकरांमध्ये सापडलेल्या नव्या विषाणूचा उल्लेख केला, तेव्हा मी मान खाली घालून गळ्यातला हार सावरत बसलो. लोकांना तो विनय वाटला. नातवाने शाळेच्या प्रकल्पासाठी विचारलं, "आजोबा, तुम्ही शोधलेला व्हायरस दिसायचा कसा?" मी त्याला एक गोल काढून दिला आणि रंग भरायला सांगितलं. बायकोला अर्धं सांगितलं; जे अर्धं राखलं तेच महत्त्वाचं होतं. आता सत्तरीला टेकलो आहे. ज्याला सांगायला हवं होतं तो माणूस राहिला नाही, म्हणून हे लिहून ठेवतो.

मी मूळचा धुळ्याकडचा. नोकरीची बहुतेक वर्षं सुरतेतल्या एका प्रयोगशाळेत जनावरांचे रोग तपासण्यात गेली. निवृत्त झाल्यावरही करारावर ठेवून घेतलं होतं, कारण जनुकीय क्रम वाचायचं नवं यंत्र आलं होतं आणि विष्ठेचे नमुने हाताळायला तरुण माणसं तयार नसत. काम असं होतं: वरवर निरोगी दिसणाऱ्या डुकरांच्या पोटात कोणकोणते विषाणू राहतात हे पाहायचं. आधी माहीत नसलेला विषाणू मिळाला, तर त्याचा संपूर्ण क्रम जुळवायचा आणि त्याचे नातेवाईक शोधून वंशवृक्षात जागा ठरवायची. टाळेबंदी उठून फार काळ झाला नव्हता. जनावरातून माणसात काय येतं याची सगळ्या जगाला धास्ती होती, त्यामुळे या कामाला एकदम मान आला होता.

सुरतेच्या आसपास डुकरं पाळणारे थोडे. त्यातले बरेच फाटक उघडत नसत, कारण कागद घेऊन आलेला माणूस म्हणजे हटवायला आलेला, असा त्यांचा अनुभव. चलथाणच्या पुढे, उसाच्या शेतांमागे, भाड्याच्या जमिनीवर पत्र्याच्या शेड टाकून एकाने डुकरं ठेवली होती. मी फाटकाशी उभा राहून गुजरातीत हाक मारली. आतून उत्तर आलं, "मालिक नथी!" आणि लगेच तोच आवाज बायकोला म्हणाला, "हाऊ कोन टपकना सकायसकाय?"

अहिराणी ऐकून मला हसू आलं. मी ओरडलो, "टपकनू नही भो, रिक्षानं भाडं दीसन उनू!"

आतून बायकोचं खदखदून हसणं. फाटक उघडलं तेव्हा ती म्हणाली, "आता मालिकले सांगा का आपन घरमा शेतस म्हनून." तो ओशाळला होता. शिरपूरकडचा निघाला. वयाने माझ्याहून बराच लहान, अंगाने रोड, ऐकायला जरा कमी. सुरतेतल्या उधन्यात वर्षानुवर्षं यंत्रमाग चालवले होते, कानाचं ते तिथलंच देणं. मग कुणा ओळखीच्याकडून चार पिल्लं घेतली आणि हळूहळू हा संसार उभा केला. कडोदऱ्याच्या हमरस्त्यावरच्या हॉटेलांतला एठवाड, म्हणजे उरलंसुरलं उष्टं, टेम्पोतून आणायचा आणि डुकरांना घालायचा. मोठी झालेली डुकरं व्यापारी ट्रकने पार आसामकडे नेई.

चहा पिऊन झाल्यावर तो बायकोला म्हणाला, "आपला मानूस शे." त्या दिवसापासून मी त्याचा नाना झालो, तो माझा भाऊ आणि त्याची बायको वहिनी.

त्याने एकच अट घातली. गावाकडे त्याने आपण कापडाच्या दलालीत आहोत असं सांगितलं होतं. डुकरांचं कळलं असतं तर तिथल्या पंगतीत त्याला कुणी शेजारी बसवून घेतलं नसतं. "नाना, डुकरं तपासा, काय बी करा," तो म्हणाला. "पन मनं नाव कोठे छापू नका." मी त्याच्या हातावर हात ठेवला आणि शब्द दिला.

नमुने घ्यायला गेलो तो श्रावणातला सोमवार होता. मी लहानपणापासून श्रावण पाळतो. सोमवारी संध्याकाळपर्यंत उपास. आमच्या प्रयोगशाळेत नियम मीच घालून दिला होता की कुठल्याही गोठ्यातून तीन गोष्टी आणायच्या: विष्ठा, रक्त आणि खाद्य. कारण विष्ठेत जे सापडतं ते जनावराचंच असतं असं नाही. खाल्लेल्या अन्नातूनही ते आलेलं असतं आणि नुसतं पोटातून वाहून गेलेलं असतं. जनावराला खरंच लागण झाली असेल तर तिच्या खुणा रक्तात मिळतात. खाद्य तपासलं की बाहेरून काय आलं ते वेगळं काढता येतं. नव्या मुलांना हे मी फळ्यावर काढून समजावत असे.

कापसाचे बोळे फिरवून सगळ्या डुकरांच्या विष्ठेचे नमुने घेतले. रक्त काढायची वेळ आली तेव्हा वहिनी म्हणाल्या, "दोन डुकरिणी गाभण शेतस, नाना. त्या किंकाळ्या फोडतीन, बाकीना बी बिथरतीन. आज ऱ्हाऊ द्या." मी राहू दिलं. मग खाद्याकडे वळलो. अर्धं कापलेलं एक निळं पिंप शेडच्या सावलीत ठेवलं होतं. वरचं गोणपाट त्याने बाजूला केलं आणि वास अंगावर आला. आत झिंगे. म्हणजे कोळंबीची डोकी आणि सालं, पिंप भरून.

"खाडीकडे झिंगा पाळतस, त्या तळावरतून आनस," तो म्हणाला. "फुकट भेटस. डुकरं असा तुटी पडतस ना!"

वहिनी लांबून ओरडल्या, "झाका ते! नानासना सोमवार शे आज!"

मी मागे सरलो होतो. दिवसभर डुकरांच्या विष्ठेत हात घालून उभा होतो, त्याचं काही वाटलं नव्हतं. ते काम होतं. पण उपासाच्या दिवशी त्या झिंग्यांत चमचा घालायला हात धजेना. हातमोजे होते, कुपी होती, चमचा होता. मी म्हणालो, "असू द्या भाऊ, पुढच्या वेळी घेऊ." त्याने गोणपाट ओढलं आणि माझ्यासाठी हातपाय धुवायला बादली आणली. घरी जाऊन मी आंघोळ केली, पिंडीवर बेल वाहिला, साबुदाण्याची खिचडी खाल्ली. पुढची वेळ आलीच नाही.

यंत्रातून निकाल आले तेव्हा मी थक्क झालो. क्रमाचे लहान लहान तुकडे एकमेकांना जोडत गेलो तसा एक सबंध विषाणू उभा राहिला, आणि तो कशाशीच नीट जुळत नव्हता. वंशवृक्षात त्याची फांदी बाकीच्यांपासून लांब, एकटीच गेलेली. आणि तो त्या शेडमधल्या जवळजवळ प्रत्येक डुकराच्या विष्ठेत होता. मी स्वतःला सांगितलं, सगळ्यांत सापडतो म्हणजे डुकराचाच. सगळी डुकरं एकाच पिंपातलं खातात, हे मला ठाऊक होतं. ते मनात आलं नाही असं मी म्हणणार नाही. ते आलं आणि मी ते बाजूला ठेवलं. इतकी वर्षं दुसऱ्यांनी शोधलेल्या रोगांची खात्री करून देण्यात गेली होती. शेवटी शेवटी हे एक माझं स्वतःचं मिळालं होतं.

नियतकालिकाला पाठवलेल्या लेखात खाद्याच्या ठिकाणी मी लिहिलं, 'हॉटेलातील उरलेले अन्न.' झिंग्यांचा शब्द नाही. आणि विष्ठेत आढळलेला विषाणू असं न म्हणता त्याला सरळ डुकराचा विषाणू म्हटलं.

लेख आल्यावर एका गुजराती वर्तमानपत्राचा बातमीदार आला. मी त्याच्याशी खूप वेळ बोललो. नाव छापू नका, असं मी त्याला बजावलं. दिलेला शब्द मी असा पाळला. पण नमुने कुठले, या प्रश्नाला 'चलथाणच्या पुढच्या उसाच्या पट्ट्यातले' असं मीच उत्तर दिलं. त्या पट्ट्यात डुकरांची शेड एकच होती.

बातमी आली त्याच आठवड्यात त्याचा फोन आला. हॉटेलवाल्यांनी एठवाड बंद केला होता. व्यापारी ट्रक पाठवत नव्हता. गावातले लोक शेडपाशी येऊन गेले होते आणि पुन्हा येणार होते. "नाना, तुमी या आन् सांगा त्यासले. मनी डुकरं बेमार नहीत. तुमीच त म्हनत व्हतात, निरोगी शेतस."

मी गेलो. शेडसमोर सरपंच, चार-पाच म्हातारे, मोटरसायकलींवर बसलेली पोरं. बहुतेकांच्या तोंडावर अजून मास्क होते. टाळेबंदीत त्यांच्यातल्या काहींच्या घरची माणसं गेली होती, हे मला नंतर कळलं. सरपंच अदबीने म्हणाले, "साहेब, सीधी बात करो ने. माणसाला लागणार का हे?"

मला तिथे म्हणता आलं असतं की मी खाद्य तपासलेलं नाही, रक्त तपासलेलं नाही, हा विषाणू डुकरांचा आहे हेच मुळात सिद्ध नाही. एवढ्या वाक्याने काम झालं असतं. त्याऐवजी मी म्हणालो, "आतापर्यंतच्या माहितीनुसार माणसाला धोका असल्याचा पुरावा नाही."

"आतापर्यंत एटले शूं? म्हणजे काय?" एक पोरगा म्हणाला. "मग उद्या?"

"त्यासाठी आणखी अभ्यास लागेल."

"एटले एमने पण खबर नथी, साहेबांनाही ठाऊक नाही," तो बाकीच्यांकडे वळून म्हणाला, आणि लोक हसले. ते हसणं बरं नव्हतं.

वहिनी दारात उभ्या होत्या. त्या मोठ्याने म्हणाल्या, "नाना, तुमी त मंगलाष्टका म्हनी ऱ्हायनात. सरळ सांगा ना, हो का नही!" भाऊने त्यांना गप केलं. "साहेब आपले सांगी ऱ्हायनात ना," तो म्हणाला. तो मला नाना न म्हणता साहेब म्हणाला, हे मी ऐकलं. सरपंचांनी महिन्याअखेरची मुदत दिली: डुकरं हलवा, नाही तर गाव काय ते करेल.

परतताना मी रिक्षा खाडीकडे वळवली. त्याच तळ्यांवरून झिंग्यांची डोकी पिशवीत घेतली. या वेळी हात लागला. श्रावण कधीच संपला होता. दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता तपासणी लावली. पडद्यावर पट्टी उमटली, ठळक, जशी डुकरांच्या नमुन्यांत उमटली होती तशीच. विषाणू झिंग्यांतून आलेला होता. डुकरांनी तो फक्त खाऊन बाहेर टाकला होता. तेव्हा डुकरं जिवंत होती. मुदतीला दिवस होते.

मी काय केलं ते लिहितो. मी ठरवलं की एका चाचणीवर विसंबणं बरोबर नाही. पूर्ण क्रम वाचून घेऊ, दुसऱ्या तळ्यावरचे झिंगे आणू, मग बोलू. शास्त्राच्या दृष्टीने यात काही चूक नाही, आणि म्हणूनच ते मला सोयीचं होतं. लेख मागे घ्यावा लागणार, बातमीदार पुन्हा येणार, मी ज्यांना फळ्यावर तीन गोष्टी शिकवल्या तेच मला विचारणार की सर, खाद्य का घेतलं नाही? आणि मी काय सांगणार, सोमवार होता? नमुने मी रांगेत लावले. घाई असलेले नमुने आधी चालवायची सोय होती. मी ती वापरली नाही. त्या दिवसांत त्याचे फोन येत होते. दोनदा उचलला, 'काम चालू आहे भाऊ' म्हणालो, पुढे उचलला नाही.

क्रम वाचून हातात आला तेव्हा तंतोतंत जुळला. मी रिक्षा करून चलथाणला गेलो. वाटेत वाक्यं जुळवत होतो.

शेडमध्ये आवाज नव्हता. डुकरं ठेवलेल्या जागी आवाज नसणं किती चमत्कारिक असतं ते तिथे उभं राहिल्यावर कळलं. वहिनी पत्रे उतरवणाऱ्या माणसांना सूचना देत होत्या. थोडी डुकरं कुणी तरी पडत्या भावात नेली होती. उरलेल्यांना मारून, जेसीबीने खड्डा खणून, चुना टाकून पुरलं होतं. गाभण दोन्ही त्यातच. "त्या दोघीसले कोनी ली नही," वहिनी म्हणाल्या. "लोके म्हने, पोटमाना बी बेमार व्हतीन." खड्ड्याची माती अजून ओली आणि भुसभुशीत होती. तो तिथे नव्हता. उधन्यात खोली बघायला गेला होता. मी खिशातला निकालाचा कागद खिशातच ठेवला आणि विचारलं, "गावाकडे कळलं का?" त्या म्हणाल्या, "पेपरमा ठिकान छापी उनं, उधनाना गाववालासनी वळखं. मंग काय ऱ्हास?" त्याच्या भाच्याचं लग्न होतं त्या महिन्यात. पत्रिका आली नव्हती.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी मी उधन्याला त्याचा कारखाना शोधत गेलो. एवढ्या वयात तो पुन्हा मागावर उभा होता. आत शिरल्याबरोबर कानाचे पडदे थरथरले. मागांच्या रांगेत तो पाठमोरा दिसला, तुटलेला धागा जोडत होता. मी त्याच्या खांद्याला हात लावला. तो वळला, चेहरा उजळला. त्या गदारोळात मी ओरडून सांगितलं. खरंच सांगितलं: "भाऊ, चूक माझी होती!" त्याने कानाकडे बोट केलं, हसला, आणि शेजारच्याला आपल्या मागांवर नजर ठेवायची खूण करून मला ओढत बाहेर घेऊन गेला.

बाहेर चहाच्या टपरीवर एकमेकांचं बोलणं नीट ऐकू येत होतं.

"काय म्हनी ऱ्हायनात आतमा?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, "तब्येत कशी आहे विचारत होतो."

"मनी? चांगली शे." मग त्याने कप खाली ठेवला. "नाना, तुमनी चांगली शे ना? माले रोज तेच वाटे. तुमी त्या डुकरासमा दिसभर हात घाली उभा व्हतात. मन्यामुळे तुमले काही लागनं त? तुमना घरमा लहान नातू शे. मी हिले म्हने, नाना फोन उचलत नही, नक्की बेमार पडना व्हई." आणि मग, चहावाल्यासमोर, त्या माणसाने माझ्यापुढे हात जोडले. "माले माफ करा. मन्या डुकरासमा असा काही रोग शे हे माले माहीत नव्हतं, मायनी आन."

त्याला वाटत होतं की त्याने रोग पाळला होता. गाव घाबरलं ते योग्यच होतं, डुकरं गाडली ते बरंच झालं, आणि गाभण डुकरिणी मारल्या त्या नाइलाजाने. हे सगळं तो त्या समजुतीवर पेलत होता. मी ती समजूत एका वाक्यात मोडू शकत होतो. माझ्या मनात आलं की ती मोडली तर त्याला जास्तच लागेल, डुकरं विनाकारण गेली हे कळेल. हा विचार दयेचा वाटत होता. खरं तर मला त्याचे जोडलेले हात सोयीचे झाले होते. मी ते हात धरून खाली केले आणि म्हणालो, "असू दे भाऊ. तुला काय माहीत."

तुला काय माहीत. हे शब्द मी म्हणालो. त्याने डोळे पुसले, चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत, आणि मागांकडे परत गेला.

पुढच्या वर्षी मी ज्या नियतकालिकात लेख आला होता त्यांना दुरुस्ती पाठवली. एक परिच्छेद. खाद्य तपासलेले नसल्याने यजमान प्राण्याबद्दलचा निष्कर्ष चुकीचा ठरतो, विषाणू झिंग्यांतून आलेला असावा. त्यांनी आभार मानून छापला. कुणी काही विचारलं नाही. ज्या गोष्टीला मी एवढा घाबरलो होतो ती एका ईमेलमध्ये उरकली.

तो छापील परिच्छेद घेऊन मी पुन्हा उधन्याला निघणार होतो. दिवाळीनंतर जाऊ म्हटलं, मग थंडी कमी झाल्यावर म्हटलं. मग कारखान्यातल्या कुणाकडून कळलं की छातीत दुखून तो गेला, आणि वहिनी शिरपूरकडे निघून गेल्या. दिवस गावात घातले, की उधन्यातच, तेही मला माहीत नाही. वहिनींचा फोन नंबर मिळवला आहे. दोनदा लावला. त्यांनी 'हालो, कोन?' म्हटलं आणि मी ठेवला.

त्या दिवशी टपरीवर म्हणायला हवं होतं ते एवढंच होतं. मराठीत नाही, आमच्या बोलीत म्हटलं असतं:

भाऊ, तुन्या डुकरासले काहीच व्हयेल नव्हतं. गावले घाबराले मी लावं. खड्डा खंदाना पहिलेच माले खरं माहीत व्हतं, आन मी गप ऱ्हायनू. हात तू नको जोडू. माले माफ कर.